डेटाबेसचें बिऱ्हाड हलवितांना

ज्यांनीं भाड्याच्या एका घरांतून दुसऱ्या घरांत एकदां तरी बिऱ्हाड हलविलें आहे, त्यांना एक गोष्ट निराळी सांगावयास नको. सामान किती आहे हें पाहून नवें घर ठरवितां येतें. परंतु सामान हलविण्याचे जे चार दिवस, त्या चार दिवसांत एक घर पुरत नाहीं. जुन्या घराची किल्ली अजून आपल्याच हातांत असते, नव्या घराचें भाडें सुरू झालेलें असतें, निम्में सामान इकडे, निम्में तिकडे, आणि दोन-चार गांठोडीं शेजाऱ्यांच्या ओसरीवर. संगणकांतील माहितीचा जो साठा, ज्याला डेटाबेस म्हणतात, त्यालाहि हाच नियम लागू आहे. तो चालविणारें सॉफ्टवेअर बदलून नवी आवृत्ति घ्यावयाची झाली म्हणजे जागेचा हिशेब कसा करावा, हा आजचा माझा विषय आहे. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें आणि आयुष्य शाळामास्तरकींत गेलेलें. तेव्हां हा अधिकार मला कोठून आला, असें कोणी विचारील. तो एका फजितींतून आला, व ती फजिति मी पुढें सांगणारच आहें.

प्रथम मोठ्यांची हकीकत. सन २०२३ च्या ऑगस्ट महिन्याच्या २९ तारखेस टोयोटा कंपनीच्या जपानांतील १४ कारखान्यांचें काम थांबलें. भूकंप झाला नव्हता, संप नव्हता, संगणकांत कोणी चोरहि शिरला नव्हता. सुट्या भागांच्या मागण्या नोंदविणाऱ्या सर्व्हरांवर २७ तारखेस देखभालीचें नेहमींचें काम झालें होतें. डेटाबेसांत सांचलेली माहिती काढून टाकून बाकीची नीट लावण्याचें तें काम चाललें असतां डिस्कवरची जागा अपुरी पडली, चूक उद्भवली, आणि यंत्रणा बंद पडली. पर्यायी सर्व्हर नव्हते असें नाहीं. परंतु तेहि त्याच व्यवस्थेवर चालणारे, म्हणून त्यांच्यावरहि तोच प्रसंग आला. शेवटीं सर्व माहिती अधिक जागेच्या सर्व्हरवर नेली, तेव्हां दुसऱ्या दिवशीं कारखाने सुरू झाले. ही हकीकत कंपनीनें स्वतःच प्रसिद्ध केली, हें तिला भूषणावह आहे.

या हकीकतींतील एक गोष्ट पुनः पुनः विचार करण्यासारखी आहे. माहिती काढून टाकण्याचें काम चाललें असतां जागा अपुरी पडली! काढून टाकल्यानें जागा वाढावी, ती संपली कशी? दिवाळीपूर्वीं माळा आवरणाऱ्या गृहिणीला हें कोडें पडणार नाहीं. माळा रिकामा करावयाचा तर त्यावरील सर्व जिन्नस आधीं माजघरांत पसरावे लागतात, आणि माजघरांत पाऊल ठेवावयास जागा नसेल तर माळा आवरतांच येत नाहीं. आवरण्यालाहि जागा लागते.

डेटाबेसमध्यें हें माजघर कोणतें, तें पाहूं. उदाहरणाकरितां मी पोस्टग्रेएसक्यूएल हें सॉफ्टवेअर घेतों. लोक त्याला नुसतें पोस्टग्रेस म्हणतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेंत सन १९८६ मध्यें प्राध्यापक मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखालीं त्याचा आरंभ झाला, आणि १९९६ सालीं त्याला आजचें नांव मिळालें. तें कोणासहि फुकट वापरतां येतें, म्हणून लहान संस्थांनाहि तें परवडतें. त्याची रचना आपल्या जुन्या पेढीसारखी आहे. पेढीवर व्यवहार होतांच तो आधीं रोजकीर्दींत लिहितात, आणि मग सवडीनें ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणींत उतरवितात. पोस्टग्रेसहि कोणताहि फेरफार आधीं आपल्या रोजकीर्दींत लिहितें आणि मागाहून मूळ तक्त्यांत. मध्येंच वीज गेली तर रोजकीर्द वाचून खतावणी पुरी करतां येते. या रोजकीर्दीची एकेक फाइल नेहमींच्या मांडणींत १६ मेगाबाइटची असते, आणि खतावणीचें एक पान ८ किलोबाइटचें. आतां चमत्कार पाहा. कांहीं ठराविक काळानें पोस्टग्रेस खतावणी पूर्ण जुळवून घेतें. त्यानंतर एखाद्या पानावर पहिल्यानेंच कांहीं बदल झाला, मग तो एक ओळ खोडण्याचा कां असेना, कीं तें सगळेंच पान रोजकीर्दींत उतरवून ठेवतें. लक्षावधि ओळी खोडावयास घेतल्या तर रोजकीर्द किती फुगेल, याचा अंदाज यावरून येईल.

शिवाय खोडलेली ओळ लगेच नाहींशी होत नाहीं. ती खोडलेल्या स्थितींत पानावरच राहते, पुढें झाडलोटीच्या वेळीं ती जागा नव्या ओळीसाठीं मोकळी समजली जाते. परंतु फाइलीचा आकार बहुधा तेवढाच राहतो. आकार खरोखर कमी करावयाचा तर सगळा तक्ता पुनः स्वच्छ लिहून काढावा लागतो, आणि ही नवी प्रत पुरी होईपर्यंत जुनीहि जपावी लागते. म्हणजे ६० गिगाबाइटच्या तक्त्यांत ४० गिगाबाइट जिवंत माहिती असेल, तर २० वांचविण्यासाठीं आधीं ४० मोकळे पाहिजेत. ज्याला जागेची अतिशय निकड आहे त्यालाच हा उपाय करतां येत नाहीं, अशी ही विचित्र स्थिति आहे.

आतां आवृत्तिबदलाकडे वळूं. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ति साधारणपणें दरवर्षीं निघते, आणि प्रत्येक आवृत्तीची दुरुस्ती तिचे कर्ते सुमारें पांच वर्षें करतात. सन २०२० च्या सप्टेंबरांत निघालेल्या १३ व्या आवृत्तीची दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्यें थांबली. नंतर जर त्यांत भोंक सांपडलें तर तें बुजविणारा कोणी नाहीं; म्हणून हौस असो वा नसो, बिऱ्हाड हलवावें लागतेंच. एकाच मोठ्या आवृत्तींतील किरकोळ सुधारणा घेणें सोपें. तेथें फक्त कार्यक्रम बदलतो, माहिती जागच्या जागीं राहते. मोठी आवृत्ति बदलली कीं घराची आंतील मांडणी बदलते, आणि जुनी माहिती नव्या सर्व्हरला तशीच उघडतां येत नाहीं.

हलविण्याच्या मुख्य रीति दोन. पहिली, सर्व माहिती साध्या विधानांच्या रूपानें बाहेर लिहून काढावयाची आणि नव्या घरांत पुनः वाचून भरावयाची. हींत खोडलेल्या ओळींची रद्दी मागेंच राहते, हा मोठा गुण. बाहेर काढलेली प्रतहि मूळ साठ्यापेक्षां पुष्कळच लहान असते, कारण सूचि, म्हणजे ग्रंथाच्या शेवटीं असते तशी शोध घेण्याची अनुक्रमणिका, तींत प्रत्यक्ष लिहिलेली नसते. ‘अमुक सूचि तयार कर’ एवढी आज्ञाच असते. येथें पुष्कळांची फसगत होते. लहान प्रत पाहून ते म्हणतात, ‘एवढीच ना माहिती!’ आणि नव्या घरांत भरतांना ती सूचींसह पुनः फुगते, सूचि लावण्यासाठीं तात्पुरत्या फायली निघतात, रोजकीर्दहि वाढत जाते, आणि या सर्वांस वेळहि फार लागतो.

दुसरी रीति पीजी_अपग्रेड या साधनाची. हें साधन सन २०१० च्या ९.० या आवृत्तीबरोबर मिळूं लागलें. खतावणीच्या पानांची घडण आवृत्तीगणिक क्वचितच बदलते, हें हेरून तें पानें जशींच्या तशीं उचलतें आणि मांडणीचें वर्णन तेवढें नवें लिहितें. उचलण्याचे पुनः प्रकार आहेत. सरळ नक्कल केली तर साठ्याइतकीच दुसरी जागा हवी. मात्र जुनें घर शाबूत राहतें. नक्कल न करतां ‘जोड’ दिली, म्हणजे एकाच फाइलीला जुन्या व नव्या अशा दोन्ही घरांचें नांव दिलें, तर काम मिनिटांत होतें आणि जागा जवळजवळ लागत नाहीं. दोन्ही घरें एकाच डिस्कच्या एकाच विभागांत असलीं पाहिजेत, एवढीच अट. परंतु नवा सर्व्हर एकदां सुरू केला कीं तीच पानें तो बदलूं लागतो, आणि जुना सर्व्हर त्यांवर पुनः चालविणें सुरक्षित राहत नाहीं. किल्ली परत दिली, दार लागलें! २०२५ सालच्या १८ व्या आवृत्तींत फायली सरळ नव्या घरीं सरकविण्याचा याहूनहि जलद प्रकार आला आहे; परतीची अडचण तेथेंहि तीच. कांहीं फायलींच्या व्यवस्थांत, उदाहरणार्थ लिनक्सवरील बीटीआरएफएस मध्यें, दोन्ही प्रती बदल होईपर्यंत एकच जागा वाटून घेतात आणि जें पान बदलेल त्यापुरतीच नवी जागा खर्च होते. ज्याच्याकडे ती सोय आहे त्यानें ती अवश्य वापरावी. मात्र जागा पुढें हळूहळू भरत जाईल, हें ध्यानांत ठेवावें.

माझें मत विचाराल तर असें आहे कीं, आवृत्तिबदलांत आपण जी जास्त जागा घेतों ती माहितीसाठीं नसतेच. ती परत फिरण्याच्या वाटेसाठीं असते. जोड देऊन जागा वांचविली असें वाटतें, पण मग बाहेरील बॅकअप ही परतीची एकमेव वाट उरते, आणि तेवढीच जागा दुसऱ्या कोठें तरी द्यावी लागते. बाहेरील प्रत नक्कल करणाऱ्यानेंहि ठेवावी हें खरेंच. परंतु त्याला ती बहुधा उघडावी लागत नाहीं.

आतां आमची फजिति. निवृत्तीनंतर मी आमच्या गांवांतील एका वाचनालयाचें दप्तर पाहतों. पुस्तकांची यादी, देवघेव, आणि सभासदांच्या अनामत रकमा हें सर्व पोस्टग्रेसमध्यें आहे. अनामत म्हणजे लोकांचा पैसा. त्यांत एका रुपयाचा घोळ झाला तरी आम्हांस तोंड दाखवावयास जागा राहणार नाहीं. संगणकाचें काम माझा एक जुना विद्यार्थी आपली नोकरी सांभाळून करतो. त्यानें नव्या आवृत्तीची गोष्ट काढली तेव्हां मीं मागील महिन्यांतील टिपण पाहिलें. मोकळी जागा साठ्याच्या तिप्पट होती. ‘जागा पुष्कळ आहे,’ असें मीं ऐटींत सांगितलें. शनिवारीं रात्रीं नक्कल सुरू झाली, आणि अर्ध्या वाटेवर तो म्हणाला, ‘गुरुजी, जागा संपली.’

झालें होतें तें असें. रोजकीर्दीच्या फायली दुसऱ्या एका डिस्कवर उतरवून ठेवण्याची आमची व्यवस्था होती. त्या डिस्कची तार कधीं तरी निसटली होती. फाइल सुखरूप उतरली असें कळेपर्यंत पोस्टग्रेस ती टाकून देत नाहीं. त्यामुळें तीन आठवडे फायली मूळ डिस्कवरच सांचत गेल्या. मीं पाहिलेली मोकळी जागा केव्हांच गेली होती. पोस्टग्रेसचा दोष नव्हता. उलट तें आपलें इमान राखीत होतें. दोष शिळ्या आंकड्यावर विसंबणाऱ्या माझा होता.

त्या घाईंत तो मुलगा रोजकीर्दीच्या फायली हातानें पुसावयास निघाला होता. सुदैवानें तो थांबला. या मोहाला पूर्वीं पुष्कळ जण बळी पडलेले आहेत. ज्या कपाटांत या फायली राहतात त्याचें नांव २०१७ सालच्या १० व्या आवृत्तीपूर्वीं पीजी_एक्सलॉग असें होतें. ‘लॉग’ म्हणजे कसली तरी निरुपयोगी टिपणें, असें समजून लोक तें रिकामें करीत आणि साठ्याचा नाश ओढवून घेत. म्हणूनच कर्त्यांनीं १० व्या आवृत्तींत तें नांव बदलून पीजी_वॅल केलें. आम्ही अर्धवट नक्कल तेवढी पुसली आणि तार जोडली. तथापि सांचलेल्या फायली उतरून जाईपर्यंत व सर्व तपासून होईपर्यंत सोमवार उजाडून मावळला. मधल्या काळांत पुस्तकांची देवघेव मीं जुन्या वहींत हातानें लिहिली, आणि पुढें एक संध्याकाळ ती संगणकांत भरण्यांत गेली. नकलेची रीति निवडली होती म्हणूनच एवढ्यावर निभावलें.

पुढील खेपेस आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलों. तुम्हांला सोयीचा व्हावा म्हणून तोच हिशेब मी मोठ्या कल्पित आंकड्यांनीं मांडतों. समजा, साठा २०० गिगाबाइटचा आहे. नव्या घरासाठीं आणखी २००. रोजकीर्दीसाठीं २०; येथें सांगितलें पाहिजे कीं, पोस्टग्रेसच्या मांडणींत रोजकीर्दीची १ गिगाबाइट ही जी मर्यादा आरंभीं लिहिलेली असते ती सूचनेसारखी आहे, कामाचा रेटा असला कीं ती ओलांडली जाते. सर्वांत मोठी सूचि नव्यानें बांधावी लागली तर ती पुरी होईपर्यंत जुनीहि राहते, त्यासाठीं ३०. जुनें घर ज्या पंधरवड्यांत राखून ठेवावयाचें, त्या पंधरवड्यांतील वाढ ५. एकूण ४५५. डिस्क चार पंचमांशांहून अधिक भरूं देऊं नये, हा माझा स्वतःचा नियम. म्हणून ४५५ ला ०.८ नें भागलें तर ५६९ च्या जवळ येतें. दोनशेंच्या साठ्याला ५६९! आमच्या मंडळाच्या सभेंत असा आंकडा ऐकून एका सभासदानें मला चष्मा पुसावयास सांगितलें.

बरें, बाजारांत मिळणाऱ्या डिस्कवर जो आंकडा लिहिलेला असतो तोहि पारखून घ्यावा. विकणारा १ टेराबाइट म्हणतो तेव्हां त्याचा अर्थ एकावर बारा शून्यें इतके बाइट. संगणक पुष्कळ ठिकाणीं गिगाबाइट मोजतो तो १,०७,३७,४१,८२४ बाइटचा. भागाकार केला तर ९३१ येतात. लिनक्सवरील एक्स्ट-४ ही फायलींची व्यवस्था नेहमींच्या मांडणींत आणखी शेंकडा ५ जागा यंत्राच्या मुख्य अधिकाऱ्यासाठीं राखून ठेवते, आणि पोस्टग्रेस त्याच्या नांवानें चालत नसल्यामुळें त्याला तिला हात लावतां येत नाहीं. राहिले सुमारें ८८५. पूर्वीं प्रत्येक पेठेचा शेर निराळा असे, त्यांतलाच हा प्रकार.

मोजणी मात्र त्याच दिवशींची हवी. साठ्याचा आकार सांगणारें पीजी_डेटाबेस_साइज नांवाचें विधान पोस्टग्रेसमध्यें आहे. परंतु तें रोजकीर्द मोजीत नाहीं, म्हणून डिस्कवर खरोखर किती मोकळें आहे तें वेगळें पाहावें. आम्ही आतां दर सोमवारीं दोन्ही आंकडे वहींत लिहितों. ज्यांच्याकडे दुय्यम सर्व्हर आहे त्यांनीं हा सर्व हिशेब तेथेंहि करावा. जुन्या सर्व्हरवरील बदल नव्या आवृत्तीच्या सर्व्हरवर सतत पाठवीत राहून शेवटीं एका क्षणीं पलीकडे जाण्याचीहि एक रीति आहे, व मोठ्या संस्थांना ती सोयीची पडते. तींत पलीकडला सर्व्हर अडखळला कीं अलीकडली रोजकीर्द सांचूं लागते, आणि १३ व्या आवृत्तीपासून मिळणारी मर्यादा घातली नसेल तर डिस्क भरेपर्यंत सांचते.

बॅकअपची जागा तर हमखास विसरली जाते. जुन्या आवृत्तीच्या फायलींचा बॅकअप नव्या सर्व्हरला उघडतां येत नाहीं. म्हणून घर बदलतांच नवा पूर्ण बॅकअप घ्यावा लागतो, आणि जुनाहि कांहीं दिवस टाकवत नाहीं. म्हणजे बॅकअपच्या कोठारांतहि दोन बिऱ्हाडें. तो घेणारें साधनहि आवृत्तीशीं जुळतें आहे कीं नाहीं तें पाहावें. गिटलॅब या कंपनींत ३१ जानेवारी २०१७ रोजीं एका कर्मचाऱ्याच्या हातून चालू डेटाबेसचें कपाटच चुकून पुसलें गेलें. बॅकअप काढावयास गेले तों कोठार रिकामें! सर्व्हर ९.६ आवृत्तीचा आणि बॅकअपचें साधन ९.२ चें चालविलें जात होतें. तें प्रत्येक वेळीं चूक दाखवून थांबत होतें, आणि तें सांगणारीं पत्रें पोहोंचतच नव्हतीं. सुमारें सहा तासांपूर्वीं दुसऱ्याच कामासाठीं घेतलेली एक प्रत सांपडली, म्हणून नुकसान तेवढ्या तासांपुरतें राहिलें. बॅकअप आहे असें समजणें आणि तो एकदां प्रत्यक्ष उघडून पाहणें, यांत हें अंतर आहे. उघडून पाहावयासहि पुनः साठ्याइतकी जागा लागते; ती दुसऱ्या यंत्रावर कां होईना, हिशेबांत धरावी.

आमचें दुसऱ्या खेपेचें काम एका रविवारीं सकाळीं निर्विघ्न पार पडलें. जुना साठा पुसून टाकण्याच्या आज्ञेची एक लहानशी फाइल पीजी_अपग्रेड स्वतःच तयार करून ठेवतें. त्या मुलाला ती लगेच चालवावयाची होती. मीं महिनाअखेरपर्यंत थांबावयास सांगितलें. अखेरच्या दिवशीं मीं सर्व सभासदांच्या अनामतींची बेरीज संगणकांतून काढली आणि हस्तलिखित खतावणीच्या बेरजेशीं ताडून पाहिली. दोन वेळां ताडून पाहिली. रक्कम जुळली, तेव्हां त्याला म्हटलें, ‘आतां चालव.’